आज ऐकू येतंय, मग काल काय झालं होतं?

‘डावा कान मधूनच बंद होतो. दोन-तीन दिवस दडे बसल्यासारखं राहतं, आत घरघर चालू असते, मग आपोआप मोकळं होतं. तपासायला जाते तोवर सगळं ठीक. डॉक्टर म्हणतात, कान छान आहे, टेन्शन घेऊ नका. माझ्या मनाचेच खेळ आहेत का हे?’

हा प्रश्न शब्द बदलून माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, बऱ्याचदा येतो. उत्तरादाखल एका बाईंची हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास, काम हिशेब लिहिण्याचं. त्यांना माझ्याकडे पाठवणाऱ्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘चिंता’. सोबत नवरा आला होता. बाई बोलायच्या आत त्यानेच सुरुवात केली. ‘मॅडम, हिला मुलीची कुजबुज ऐकू जाते, माझी हाक मात्र जात नाही. सोयीचं तेवढंच ऐकते ही.’ बाई पर्सच्या चेनशी चाळा करत बसल्या होत्या. मी वहीत लिहिलं : नात्यातला ताण. आज ते पान बघताना लाज वाटते, पण लिहिलं होतं खरं.

दोन भेटी श्वासाच्या व्यायामात आणि विचारांच्या नोंदी तपासण्यात गेल्या. झोप थोडी सुधारली, कान होता तिथेच. तिसऱ्या भेटीत मी खिडकी लावायला उठले आणि पाठमोरी असतानाच विचारलं, ‘झोप कशी लागतेय?’ मागून उत्तर आलं, ‘हो, लावून टाका, बाहेर फार आवाज आहे.’

मी वळून पाहिलं. त्यांनी खुर्ची तिरकी केली होती, उजवा कान माझ्याकडे. पहिल्या दोन्ही भेटींतही त्या अशाच बसल्या असणार, माझं लक्ष नव्हतं. समोर असताना त्या माझ्या ओठांवरून निम्मं वाक्य भरून काढत होत्या. मी पाठ फिरवली आणि तो आधार गेला.

मग आम्ही मन बाजूला ठेवून कानाबद्दलच बोललो. पाऊण तास. त्यांनी जे सांगितलं ते तोवर कोणी विचारलंच नव्हतं. वाईट दिवशी फोनची तीच रिंग दोन कानांना दोन वेगळ्या सुरांत ऐकू येते, डावीकडची बेसूर. भांडं आपटलं तर डाव्या कानात कळ येते, पण साधं बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं. दडे बसायच्या आदल्या रात्री घरघर वाढते. मनाने रचलेल्या तक्रारीत इतका बारीक तपशील मी तरी पाहिलेला नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शुद्ध स्वरांची श्रवणचाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या स्वरांवर कान तपासते आणि त्या तासाला कान जसा असेल तसा आलेख काढते. चढउतार होणारा कान चांगल्या दिवशी तपासला तर आलेख चांगलाच येणार. ‘नॉर्मल’ या शिक्क्याचा अर्थ त्या दिवशी नॉर्मल, एवढाच.

मी त्यांना परत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं, पण या वेळी चिठ्ठी मी लिहिली आणि एक विनंती घातली : कान बंद असेल त्याच दिवशी, आधी वेळ न घेता चाचणी करून मिळेल का? तज्ज्ञ समजूतदार निघाले. अशी विनंती तुम्ही स्वतःही करू शकता. ऑडिओलॉजिस्टना त्यात काही विचित्र वाटत नाही, उलट त्यांना तेच हवं असतं.

दरम्यान एक छोटी वही. दोन पानं भरून भावना लिहायच्या नाहीत, एका ओळीत काम. तारीख, कोणता कान, दडे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आवाज कसा (शीळ, घरघर, समुद्रासारखा), चक्कर आली का आणि आली तर घड्याळ लावून किती मिनिटं, डोकं दुखलं का, उजेड सहन होत होता का, त्या दिवशी कोणती औषधं घेतली. डोकेदुखीचा रकाना अर्धशिशीसाठी, कारण अर्धशिशीच्या चकरांमध्येही कानाच्या तक्रारी असू शकतात. औषधांचा रकाना अशासाठी, की जास्त मात्रेतली ॲस्पिरिन आणि लघवी वाढवणारी काही औषधं ऐकण्यावर तात्पुरता परिणाम करू शकतात.

अकराव्या दिवशी दडे बसले आणि बाई थेट चाचणीला गेल्या. डावा कान २५० हर्ट्झला ४५ डेसिबलवर घसरलेला, ५०० ला ४०, आणि २००० च्या पुढे जवळजवळ ठीक. (डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी.) कानाच्या पडद्यामागचा दाब मोजणारी टिंपॅनोमेट्री व्यवस्थित, म्हणजे तिथे पाणी साचलेलं नव्हतं. दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली तेव्हा तोच कान १५ वर. बाईंनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि रडल्या. आजार निघाला म्हणून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आजार कागदावर आला म्हणून सुटकेने रडणारंही माणूस असतं.

तो पहिला आलेख मी नवऱ्याला दाखवला. ऱ्हास खालच्या, खर्जातल्या स्वरांचा होता. पुरुषाच्या जाड आवाजाचा बराच भाग तिथेच असतो. मुलीचा बारीक आवाज वरच्या पट्टीत, जिथे कान धड होता. त्यात तो हाक मारायचा दुसऱ्या खोलीतून आणि मुलगी बोलायची उजव्या बाजूला चिकटून. तो बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘म्हणजे माझाच आवाज जात होता तर.’ माफी त्याने माझ्यासमोर मागितली नाही. घरी मागितली असेल.

निदानाचं काय? इथे मी हात आखडता घेते, कारण ते माझं काम नाही. काही कारणं लवकर बाजूला झाली. मळ नव्हता. श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी केलेला एमआरआय स्वच्छ आला. एकाच कानाची तक्रार असेल तर ही तपासणी सांगतात, तेव्हा दचकू नका. बहुतेकदा ती गाठ नसल्याची खात्री करायलाच असते. मेनियरचा, म्हणजे चकरा, कानातला आवाज आणि कमी-जास्त होणारं ऐकणं एकत्र येणाऱ्या आतल्या कानाच्या आजाराचा, विचार झाला. प्रॉस्पर मेनियर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये मांडलं, की अशा चकरांचं मूळ आतल्या कानात असू शकतं. तोवर त्या मेंदूच्या खात्यावर टाकल्या जायच्या. (आमच्या खात्यावर टाकण्याची सवय नंतरची असावी.) पण २०१५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ते निदान पक्कं करायला २० मिनिटं ते १२ तास टिकणाऱ्या, आपोआप आलेल्या किमान दोन चकरा लागतात, शिवाय त्याच कानातला खालच्या-मधल्या स्वरांचा ऱ्हास चाचणीत नोंदलेला लागतो. बाईंना तोवर चक्कर आलेलीच नव्हती. तज्ज्ञांनी कागदावर ‘निरीक्षणाखाली’ असं लिहिलं.

बाई चिडल्या. ‘एवढं करून नाव नाहीच?’ खरं सांगायचं तर माझं काम इथून सुरू झालं. नाव नसलेल्या आजाराबरोबर माणूस कसा राहतो, हे शिकवायला श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत. आम्ही व्यवहारातल्या गोष्टी ठरवल्या. ऑफिसात त्यांनी जागा बदलून घेतली, सगळे उजवीकडे येतील अशी. वरिष्ठांना एकच वाक्य सांगितलं : ‘माझ्या डाव्या कानाला कधीकधी कमी ऐकू येतं, तेव्हा समोर येऊन बोला.’ ‘कधीकधी’ म्हणायला त्यांना सगळ्यात जड गेलं. लोक एक तर बहिरं समजतात, नाही तर धडधाकट. मधली जागा दर वेळी स्वतःच सांगावी लागते.

वहीबाबत एक कडक सूचना, जी मी त्यांनाही दिली होती. एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, खूप कमी झालं आणि असं पूर्वी कधी झालं नसेल, तर नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ गाठा. अशा ऱ्हासात स्टिरॉइडचा उपचार लवकर सुरू झाला तर उपयोगाची शक्यता जास्त असते, आणि ‘सर्दीने दडे बसले असतील’ म्हणून गेलेले दिवस परत मिळत नाहीत. तोंड मिटून गुणगुणून बघा. आवाज बंद वाटणाऱ्या कानातच मोठा लागला तर दोष बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाची शंका, मग अजिबात थांबू नका. हा नुसता इशारा आहे, चाचणी नव्हे.

सात महिन्यांनी बाईंचा फोन आला. आदल्या दिवशी पहिली चक्कर आली होती. भिंत धरून बसल्या आणि बसल्या बसल्या घड्याळ बघितलं. ‘पन्नास मिनिटं, मॅडम. वहीत लिहिलंय. उद्या चाचणीला जातेय.’ आवाज घाबरलेला होता. फोन कोणत्या कानाला लावलाय, विचारलं. ‘उजव्या,’ म्हणाल्या आणि हसल्या.