हिमोग्लोबिन ९.८ आलंय, तर लोहयुक्त पीठ-मीठ वापरून वाढेल का?

थोडा हातभार लागेल, पण एवढ्यावर भागणार नाही. बाईचं (गरोदर नसताना) १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ९.८ ला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या आधी.

हिशोब बघा. फोर्टिफाइड, म्हणजे वरून लोह घातलेल्या आट्यात किलोमागे साधारण २८ ते ४२ मिलिग्रॅम लोह. दिवसाच्या चार पोळ्या म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ, त्यातून जेमतेम तीन ते पाच मिलिग्रॅम. बाईची रोजची शिफारस २९. लोह-आयोडीनवाल्या मिठातून जास्त मिळतं, पण म्हणून मीठ वाढवू नका, आहे तेच बदला.

पाकिटावर फोर्टिफाइडची '+एफ' (+F) खूण बघून घ्या. आपण दादर-परळकडच्या बायका गहू निवडून गिरणीत दळून आणतो; त्या पिठात वरून काहीच घातलेलं नसतं, हे लक्षातच येत नाही.

आणि चहा! डबा खाल्ला की लगेच कटिंग, हे आमच्या ऑफिसातलं दुखणं. चहा लोह शोषू देत नाही. तासभर थांबा. पोह्यांवर, आमटीत लिंबू मात्र सढळ हाताने पिळा.

घरात थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल किंवा पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा.