रोल घरी धुणाऱ्या छायाचित्रकाराने बिल कसे लावावे?

प्रश्न: मी 27 वर्षांचा असून डोंबिवलीत राहतो. तीन वर्षे एका फॅशन छायाचित्रकाराकडे साहाय्यक म्हणून राहिल्यानंतर गेल्या दिवाळीपासून स्वतंत्रपणे कामे घेतो. काही लहान ब्रँडना लुकबुकसाठी (कपड्यांच्या फोटोंच्या पुस्तिकेसाठी) फिल्मवरचेच फोटो हवे असतात. कृष्णधवल रोल मी घरी, न्हाणीघरात धुतो. ग्राहक मात्र डिजिटलच्याच दराने एका दिवसाचे पैसे देतात आणि रोल धुण्याचे वेगळे मागितले, की ‘ते तर तुम्ही घरीच करता ना’ असे म्हणतात. उन्हाळ्यात माझ्या निगेटिव्ह फार दाट, म्हणजे गरजेपेक्षा काळ्या येतात, हीही एक अडचण आहे. त्यातच आता एका ब्रँडने निगेटिव्हच मागितल्या आहेत. त्या द्याव्यात का?

उत्तर: ‘घरीच करता ना’ हे वाक्य साडीला फॉल-बिडिंग करून देणाऱ्या बाईलाही रोज ऐकावे लागते, आणि तिच्याप्रमाणेच तुमच्याही बाबतीत ते चुकीचे आहे. तुमच्या कामाचा हिशेब आधी स्वतःसाठी कागदावर मांडा. समजा, मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर तुम्ही 120 या मापाच्या रुंद फिल्मचे आठ रोल वापरलेत. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकटीत एका रोलवर 12 फोटो बसतात, म्हणजे एकूण 96. दोन रोल मावणाऱ्या टाकीत ते चार खेपांत धुवावे लागतात. अंधारात रोल रिळावर चढवण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत एका खेपेला पाऊण तास धरला, तर तीन तास तिथेच जातात. त्यानंतर वाळवणे, पट्ट्या कापून क्रमांक घालणे, स्कॅन करणे आणि स्कॅनवरचे धुळीचे ठिपके एकेक करून काढणे हे सगळे उरतेच. एका फोटोला चार मिनिटे म्हटली तरी 96 फोटोंच्या स्कॅनलाच सहा तासांहून अधिक वेळ लागतो. हा शूटनंतरचा एक पूर्ण दिवस आहे. म्हणून दरपत्रकात ‘शूट’, ‘फिल्म व रसायने’ आणि ‘प्रोसेसिंग व स्कॅनिंग’ अशा तीन वेगळ्या ओळी लिहा आणि तिसऱ्या ओळीसमोर शून्य कधीही लिहू नका. सगळे स्कॅन परवडत नाहीत असे ग्राहक म्हणाला, तर आधी काँटॅक्ट शीट (सगळे फोटो लहान आकारात दाखवणारा एक कागद) देऊन निवडलेल्या फोटोंचेच स्कॅन करण्याचा पर्याय त्याच्यापुढे ठेवा, पण दर कमी करू नका.

दाट निगेटिव्हचे कारण बहुधा तुमच्या नळातच आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी सहज 30 अंशांपर्यंत जाते, आणि तुम्ही वेळ मात्र 20 अंशांची धरत असणार. एचपी5 प्लस ही फिल्म आयडी-11 या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) एकास एक पाणी घालून 20 अंशांवर धुवायला 13 मिनिटे लागतात. 24 अंशांवर त्याच कामाला सुमारे 9 मिनिटे पुरतात. तापमान वाढूनही वेळ तीच राहिली, की फिल्म गरजेपेक्षा जास्त उमटते आणि त्याचा पहिला फटका पांढऱ्या कपड्याला बसतो. मलमलीच्या कुर्त्यावरची पांढऱ्या धाग्याची नक्षी प्रिंटमध्ये सपाट पांढरा डाग होऊन जाते, आणि ब्रँडने तुम्हाला बोलावलेले असते ते ती नक्षी दाखवण्यासाठीच. तेव्हा मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडा आणि रसायनांच्या सगळ्या बाटल्या व टाकी त्यात ठेवून 20 ते 24 अंशांच्या दरम्यान आणा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, त्याने द्रावण पातळ होते. पाच मिनिटांच्या खाली जाणारी वेळ टाळा, कारण इतक्या थोड्या वेळात फिल्म सगळीकडे सारखी उमटत नाही. डेव्हलपर ओतल्याबरोबर टाकीचा तळ ओट्यावर दोन-तीनदा आपटा. फिल्मला चिकटून राहिलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा प्रिंटमध्ये मॉडेलच्या गालावर काळा ठिपका होऊन उतरतो.

एक गोष्ट मी फार मोठी किंमत मोजून शिकलो, ती सांगतो. एका शूटनंतर रात्री दोनच्या सुमारास मी शेवटच्या पोशाखाचे दोन्ही रोल एकाच टाकीत भरले आणि सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी डेव्हलपरऐवजी हायपोची (डेव्हलपरनंतर चित्र पक्के करणाऱ्या द्रावणाची) बाटली आधी ओतली. हायपोने न उमटलेली सगळी चांदी विरघळवून टाकली आणि दोन्ही रोल काचेसारखे स्वच्छ निघाले. मॉडेल, मेकअप आणि जागा यांचा खर्च स्वतः उचलून तो पोशाख मी पुन्हा टिपला. तेव्हापासून एका पोशाखाचे सगळे रोल मी एकाच खेपेत कधीही धुतलेले नाहीत. एक रोल पहिल्या खेपेत आणि दुसरा नंतरच्या खेपेत, म्हणजे चूक झालीच तर निदान अर्धे काम हाती राहते. डेव्हलपरची बाटली मी गडद रंगाची आणि हायपोची पांढरी ठेवतो, जेणेकरून झोपेत असतानाही हात चुकणार नाही. आणि थकलेल्या रात्री रोल धूतच नाही. फोटो काढून झालेले पण न धुतलेले रोल थंड, कोरड्या जागी सकाळपर्यंत सुखरूप राहतात.

रंगीत रोल घरी धुण्याची घाई करू नका. सी-41 पद्धतीत डेव्हलपर 37.8 अंशांवर 3 मिनिटे 15 सेकंद लागतो आणि अंशाच्या अपूर्णांकाइतकाही फरक रंगात दिसून येतो. ब्रँडचा कुंकवासारखा लाल विटकरी दिसला, तर दोष तुमच्याच माथी येतो.

निगेटिव्हचा प्रश्न मात्र शूटआधीच सोडवायला हवा होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 17 नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढले गेले असतील आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा असतो. पुष्कळ तरुण छायाचित्रकार हे अगदी उलट समजून चालतात. म्हणून यापुढे कामाच्या होकारासोबतच लेखी ठरवा: हक्क तुमचे, ब्रँडला वापराची परवानगी अमुक माध्यमांत, अमुक काळापुरती, आणि निगेटिव्ह तुमच्याकडे. बिले थकू नयेत म्हणून उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून घ्या. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे देण्याची मुदत करार करूनही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर व्याज मागता येते.

सध्याच्या ब्रँडशी तुमचा काही लेखी करार दिसत नाही, त्यामुळे ताठर भूमिका घेऊन उपयोग नाही. निगेटिव्ह ओल आणि बुरशीपासून जपाव्या लागतात, त्या तुम्ही सांभाळाल आणि मागतील तेव्हा स्कॅन द्याल, असा प्रस्ताव आधी ठेवा. तरीही हव्याच असतील, तर त्यांची वेगळी किंमत सांगा, तुमच्या पोर्टफोलिओत फोटो वापरण्याची लेखी परवानगी घ्या, प्रत्येक पट्टीचा पूर्ण स्कॅन करून ठेवा आणि पट्ट्यांची संख्या लिहिलेल्या पोचपावतीवर सही घेऊन मगच त्या हवाली करा.