वाचकांचे प्रश्न : बोलण्याआधीचा थांबा

प्रश्न : प्रबंधासाठी 1929 ते 1932 मधले बोलपट पाहते आहे. शॉट बदलला की पात्रं क्षणभर गप्प राहतात, मग बोलतात. ही रंगभूमीची सवय की यंत्राचा परिणाम?

उत्तर : नटांना बोल लावण्याआधी फ्रेम मोजा. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे चित्रावर प्रकाश पडतो त्या खिडकीत, फिल्म थांबत थांबत सरकते. आवाज वाचताना मात्र ती एकसारखी वाहावी लागते, नाहीतर सूर थरथरतो. म्हणून साउंड हेड, म्हणजे फिल्मवरचा आवाज वाचणारा भाग, गेटच्या पुढे, खालच्या लूपनंतर (फिल्मच्या सैल वळणानंतर) असतो आणि 35 मिमी फिल्मवर प्रत्येक फ्रेमचा आवाज 20 फ्रेम आधी छापलेला असतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर हे अंतर 0.83 सेकंदांचं, फिल्मवर मोजलं तर 15 इंच. (लूप मोठा राहिला की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. हा दोष प्रोजेक्शनचा; तो आधी वगळा.)

चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर घेतले, म्हणजे सिंगल सिस्टिम वापरली, की संकलक अडकतो. चित्र पाहून कात्री लावली, तर नव्या शॉटच्या पहिल्या 20 फ्रेमचा आवाज कापलेल्या तुकड्याबरोबर जातो. नटानं लगेच ‘महाराज’ म्हटलं, तर तो अख्खा शब्द गडप! म्हणून आधी थांबणं भाग होतं.

आता कसोटी. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा कट शोधा आणि मागची खरखर कुठे बदलते ते ऐका. ती कटनंतर बरोबर 20 फ्रेमनी बदलत असेल आणि पहिला शब्द कधीच त्याआधी येत नसेल, तर कारण यंत्र. थांबे कमीजास्त असतील, तर दिग्दर्शन किंवा अभिनय. एका कटवर निष्कर्ष काढू नका, निदान पंधरा-वीस तपासा. प्रत मात्र खरखर न पुसलेली हवी. पुनर्संस्कारित प्रतीत हा पुरावाच नाहीसा होतो.

‘आलम आरा’ (1931) टॅनर नावाच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या सिंगल सिस्टिमवर झाला. त्याची प्रत उरलेली नाही, म्हणून ही कसोटी तिथे लावता येत नाही, ही मोठी हळहळ. हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ कथापटांसाठी आवाज वेगळ्या फिल्मवर किंवा तबकडीवर घेत. तिथल्या थांब्याला सिंगल सिस्टिमचं कारण देऊ नका. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून तो पुढे काच लावलेल्या ध्वनिरोधक खोलीत ठेवत, हे तिथल्या जखडलेल्या दृश्यांचं एक खरं कारण.

प्रश्न : याच काळातल्या काही चित्रपटांत डोकी वरून कापलेली का दिसतात?

उत्तर : ध्वनिपट्टीनं चित्राची एक कड खाल्ली आणि चौकट जवळजवळ चौरस, 1.19:1 (रुंदी : उंची) झाली. 1932 मध्ये 1.37:1 हे प्रमाण ठरलं. जुनी फिल्म नव्या मापाच्या अपर्चर प्लेटमधून (प्रोजेक्टरमध्ये चित्राची चौकट ठरवणाऱ्या पत्र्यातून) दाखवली की वरखाली कापली जाते. फ्रिट्झ लांगचा ‘एम’ (1931) दाखवणार असाल, तर 1.19 ची प्लेट आणि तिला जुळणारी लेन्स आधीच मागवा.