लाकडी जमिनीखालून स्पीकरच्या वायरी न्यायच्या का?

प्रश्न : दिवाणखान्यात जुन्या फरश्यांवरच 8 मिलिमीटर जाडीची क्लिकची लॅमिनेट जमीन घालतो आहोत. पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे. मागच्या दोन स्पीकरच्या वायरी आजवर सतरंजीखालून जायच्या. सुतार म्हणतो, "फोमखाली टाकून देऊ, कुणाला कळणारसुद्धा नाही." टाकू द्यावं का? काम पुढच्या आठवड्यात आहे.

उत्तर : टाकू देऊ नका. कळतं, आणि सगळ्यात आधी पायांना कळतं.

मी स्पीकर बसवायचं काम करते, त्यामुळे सुतारांशी या एकाच मुद्द्यावर माझी कायम हुज्जत चालते. सुताराचा यात काही वाईट हेतू नसतो. त्याला जमीन घालून मोकळं व्हायचं असतं, आणि वायर ही त्याच्या लेखी वाटेत आलेली अडचण. पण जमिनीखाली अंथरायचा फोम असतो दोन-तीन मिलिमीटरचा, आणि साधी चपटी जुळी वायर धरली तरी ती तीन मिलिमीटरच्या आसपास जाते. फळी त्या वायरीवर टेकते आणि वायरीच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते. माणूस चालला की फळी दबते, पाय उचलला की वर येते. फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या क्लिकच्या जोडाला असतो तो एक बारीकसा ओठ. तो रोजच्या या वरखाली हलण्याने झिजतो, मग तुटतो. आधी करकर ऐकू येते, पुढे दोन फळ्यांमध्ये फट दिसू लागते.

यावर सुताराकडे दुसरा तोडगा तयार असतो : "फोममध्ये वायरीपुरती चीर मारू." ऐकायला बरं वाटतं. पण फोम वजनाने दबतो, वायर दबत नाही. शिवाय ही जमीन तरंगती असते, खाली कशालाच चिकटवलेली नसते. हवा दमट झाली की पसरते, कोरडी झाली की आक्रसते, आणि तेवढी ती वायरीवरून सरकत राहते. सगळ्यात वाईट म्हणजे उद्या वायर बदलायची म्हटलं, तर भिंतीपासून सुरुवात करून एकेक ओळ सोडवत यावं लागतं. सोफा, कपाट, टीव्हीचं युनिट, सगळं बाहेर काढून. एका वायरीसाठी हे कोण करणार?

तेव्हा वायर कडेने न्या. भिंतीलगत जमिनीला 8 ते 10 मिलिमीटरची फट सोडलेली असते आणि ती स्कर्टिंगने झाकलेली असते. सगळ्यांचा डोळा त्या फटीवर असतो, म्हणून आधीच सांगते : ती फट लाकडाला पसरायला सोडलेली आहे, आपल्यासाठी नाही. ती वायरींनी भरली तर जमीन भिंतीला रेटते आणि मधूनच फुगून वर येते. वायर राहायला हवी फटीच्या वर, स्कर्टिंगच्या पाठीमागे.

त्यासाठी पाठीला पोकळी असलेली तयार स्कर्टिंग मिळते. तिचे क्लिप भिंतीला मारायचे आणि पट्टी वरून दाबून बसवायची. पुन्हा उघडता येते, म्हणून माझी पहिली पसंती तिलाच. भरीव लाकडाची पट्टी हवी असेल तर सुताराला राउटरने तिच्या पाठीत साधारण 10 बाय 10 मिलिमीटरची खाच मारायला सांगा, आणि खाच मारून झाली की पट्टीच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलने तिची रेघ ओढून घ्या. स्क्रू कुठे मारायचे नाहीत हे मग मारणाऱ्याला समोर दिसतं. स्क्रू वायरीतून गेला तर दोन्ही तारा एकमेकींना भिडतात आणि अ‍ॅम्प्लिफायर आवाज वाढवताच बंद पडतो. मग दोष अ‍ॅम्प्लिफायरवर जातो, आणि तो बिचारा दुरुस्तीच्या फेऱ्या मारत बसतो. दुसरं, पट्टी भिंतीलाच ठोकायची, जमिनीला कधीच नाही. जमिनीला ठोकलीत तर तरंगती जमीन तिथे जखडली जाते.

वाटेत दार आलं तर उंबऱ्याच्या पट्टीखालून वायर सारू नका, खोलीला उलटा वळसा घाला. वायर लांबते, लांबू दे. फक्त जाडीचा हिशोब करा. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम असतो, 2.5 चौरस मिलिमीटरचा सुमारे साडेसात. कडेने वळसा घालून मागच्या स्पीकरपर्यंत 14 मीटर झाले असं धरा. करंट जाऊन परत येतो, म्हणजे तार झाली 28 मीटर. 1.5 च्या वायरीत रोध होतो साधारण 0.34 ओहम. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत हा आकडा राहिला पाहिजे, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. 8 ओहमच्या स्पीकरला मर्यादा 0.4, म्हणजे भागलं. 6 ओहमच्या स्पीकरला 0.3, तिथे नाही भागत, 2.5 ची घ्या. स्पीकरच्या पाठीवर ओहम छापलेले असतात, वाचून मगच खरेदीला निघा.

घेताना तारेचं टोक कापून बघा. आतून लालसर दिसलं तर तांबं. वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरट चकाकी असेल तर ते अ‍ॅल्युमिनियम, त्याची वाहकता तांब्याच्या साधारण 60 टक्के. त्याच जाडीत काम निभणार नाही.

डाव्या-उजव्या वायरींची लांबी तंतोतंत सारखी लागते, हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, आणि तारेतला सिग्नल त्याच्या लाखो पट वेगाने. खुर्ची वीतभर सरकवलीत तरी त्याने पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा.

आणि एक राहिलंच. विजेच्या मेन वायरी त्याच खाचेतून किंवा त्याच पाइपमधून नेऊ नका. कारण आवाजाचं नाही, जिवाचं आहे. एखाद्या मेन वायरीचं आवरण फाटलं तर तो दाब थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येतो, आणि तिथे घरातली मुलं हात लावतात. मेनमुळे स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीची भीती स्पीकरच्या वायरीला फारशी नसते, सबवूफरच्या सिग्नल वायरीला असते. ती मेनपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

प्रश्न : आमच्या नव्या घरात कोबा अजून व्हायचा आहे. वर लाकडी जमीनच घालायची आहे. आत्ताच काय करून ठेवू?

उत्तर : तुमचं नशीब चांगलं आहे. कोब्यात 25 मिलिमीटरचे पाइप टाकून घ्या, टीव्हीच्या भिंतीपासून मागच्या भिंतीतल्या पेटीपर्यंत, प्रत्येक बाजूला एक. काटकोनी एल्बो लावू देऊ नका, लांब वळणाचे बेंड लावा, नाहीतर वायर ओढताना कोपऱ्यात अडकते. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, आणि वायर ओढताना तिच्याबरोबर नवी दोरीही ओढा. पाइप 40 टक्क्यांहून जास्त भरू नका. जोड पाइपच्या आत नको, पेटीतच.

पाइप कोब्यातच बसला पाहिजे. कोबा पातळ पडतो म्हणून कुणी स्लॅबला कटर लावायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा, आत सळ्या आहेत. पाइपवर कोब्याचा पुरेसा थर राहत नसेल तर तिथे पुढे तडा जातो. अशा वेळी जमिनीचा नाद सोडा आणि भिंतीतून वळसा घ्या. पाइपशिवाय नुसती वायर मात्र सिमेंटमध्ये कधीच पुरू नका, ती परत निघत नाही.

पेट्यांची जागा सोफा कुठे येणार ते ठरवल्यावरच ठरवा. पाच स्पीकरच्या रचनेत मागचे दोन स्पीकर समोरच्या रेषेपासून 100 ते 120 अंशांवर यायला हवेत, म्हणजे खांद्याच्या जरासे मागे. पुष्कळ जण ते पाठीमागच्या भिंतीच्या टोकाला नेऊन ठेवतात. सोफा तिथेच टेकलेला असेल तर आवाज कानामागे कोंबल्यासारखा वाटतो. कोबा भरण्याआधी पाइपशेजारी टेप पसरून फोटो काढून ठेवा. लाकडी जमीन खिळ्यांनी ठोकायची ठरली, तर हे फोटो ठोकणाऱ्याच्या हातात द्यायचेत.

प्रश्न : चिकटपट्टीसारखी सपाट वायर मिळते म्हणे. ती चालेल ना लाकडाखाली?

उत्तर : भिंतीवर चिकटवून वरून पुट्टी-रंग मारायला ती उत्तम. लाकडाखाली मी घालत नाही. एक खिळा किंवा एक खडा तिला पुरतो, आणि पाठीचा गोंद तिला सरकत्या फोमशी बांधून टाकतो. बिनवायरीच्या स्पीकरबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यांनाही बहुतेक वेळा प्लग लागतोच, म्हणजे तिथवर विजेची वायर आलीच.

तिघांनाही एक काम : स्कर्टिंग किंवा पेटी बंद करण्याआधी वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि त्या टोकांना 1.5 व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, अधिक बाजू लाल तारेला. पलीकडे कुणीतरी स्पीकरजवळ उभं राहून बघायचं. पडदा बाहेर उडाला तर लाल-काळं बरोबर जोडलंय, आत गेला तर टोकं उलटी आहेत. सबवूफरवर हे करू नका, त्याच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. स्कर्टिंगचे सगळे स्क्रू आवळून झाले की एकदा स्पीकर सोडवून मल्टिमीटरने दोन तारांमध्ये बीप येतोय का ते पाहा. आला, तर शेवटी मारलेल्या स्क्रूपासून एकेक सोडवत या.