नागपूरहून स्कीइंगला जायचंय. झाडांमधून आरामात घसरता येईल असं रिसॉर्ट कुठलं?

माझी पहिली पसंती जपानमधल्या होक्काइडोतलं रुसुत्सू. तिथे भूर्जाची झाडं ऐसपैस अंतरावर उभी आहेत, बर्फ भुसभुशीत आणि बरेच उतार सौम्य. अमेरिकेत स्टीमबोट या रिसॉर्टमधलं ॲस्पेन झाडांचं रान असंच मोकळं. गुलमर्ग आपल्याला जवळ, पण तिथल्या जंगलात गाइडशिवाय शिरू नका.

नागपुरात बर्फाचा सराव कुठून होणार? म्हणून आधी तीन-चार दिवस मोकळ्या उतारावर वळणं आणि थांबणं पक्कं करा. अमेरिकेतल्या रिसॉर्टच्या नकाशावर निळ्या चौकोनाचे, म्हणजे मध्यम अवघड, ‘ग्लेड’ (झाडांमधले घसरायचे उतार) निवडा.

एक मात्र कळकळीने सांगतो: सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते. त्यात डोकं खाली होऊन पडलं की माणूस गुदमरतो. जोडीदार कायम नजरेसमोर हवा, गळ्यात शिट्टी हवी.