विजेचा टेम्पो घ्या, पण कर्ज कमी करून

प्रश्न: पुण्यात मार्केट यार्डातून पेठांमधल्या दुकानांना किराणा पोचवतो. रोज 80 किमी, महिन्याला 26 दिवस. जुना तीनचाकी टेम्पो काढून विजेवरचा घ्यावा की सीएनजीचा? कोटेशन अनुक्रमे 4.20 आणि 3.20 लाखांचं आहे. हातात 80 हजार आहेत, शिवाय 2 लाखांची मुदत ठेव. धूर कमी व्हावा असंही वाटतं.

उत्तर: तुम्ही पाठवलेले आकडे मांडले. सीएनजीला किलोमीटरमागे 3 रुपये पडतात. गोदामातल्या मीटरवर 10 रुपये युनिट आणि युनिटमागे 7 किमी धरले, तर विजेला 1.43. म्हणजे महिन्याला 3,250 रुपयांच्या आसपास बचत. शोरूमवाला इथवरच सांगतो.

आता हप्ता बघा. सीएनजीसाठी 11 टक्क्यांनी 2.40 लाख, चार वर्षं : 6,200. विजेच्या गाडीला वित्त कंपनी 15 टक्के मागते आहे, 3.40 लाखांवर हप्ता 9,460. फरक 3,260, म्हणजे पुन्हा जवळपास तेवढाच! इंधनात वाचलेलं सगळं हप्त्यात गेलं. विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के आणि सीएनजीवर 18 असूनही ही गत, कारण बॅटरी महाग आणि ही गाडी जुनी झाल्यावर तिला काय भाव येईल याची सावकाराला खात्री नाही.

म्हणून निम्मी ठेव मोडा. 1 लाख जास्त भरलेत की हप्ता 6,680 वर येतो, सीएनजीपेक्षा जेमतेम 480 ने जास्त. ठेवीवर 7 टक्के मिळवायचे आणि कर्जावर 15 भरायचे, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. उरलेल्या लाखाला मात्र हात लावू नका. गाडी आठवडाभर बंद पडली तर घर त्यावरच चालेल.

एक अट आहे. चार्जिंग रात्री गोदामातच व्हायला हवं. बाहेर 18 रुपये युनिट पडलं, तर महिन्याची बचत 900 च्याही खाली येते. गोदाम भाड्याचं असेल तर मालकाकडून लेखी परवानगी घ्या आणि मीटरचा मंजूर भार, म्हणजे त्यावरून एका वेळी किती वीज ओढता येते, तपासून घ्या.

धुराचं म्हणाल, तर पेठांमधल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत विजेची गाडी खरंच शोभते. उभी असताना तिच्यात इंधन जळत नाही. वीज अजून बरीचशी कोळशावरची आहे, हेही खरं. परतीचा टेम्पो रिकामा येत असेल, तर दुकानांतले रिकामे क्रेट, डबे उचलायचं काम मिळतंय का बघा; त्यासाठीची वेगळी फेरी वाचली की धूरही वाचतो.

सही करण्यापूर्वी बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किमी आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार, हे कागदावर घ्या. वॉरंटी कर्जाच्या चार वर्षांपेक्षा कमी असेल, तर सीएनजीच घ्या.