फवारणी कोण करतं, तेही लिही

नाशिक

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. दिंडोरीच्या द्राक्षबागांतली माती आणि विहिरींचं पाणी घेऊन कीटकनाशकांचे अंश मोजायचे, हा विषय चांगला आहे. पण त्यात माणूस कुठेच नाही, हे मला फार खटकलं.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात, अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत बागेची नोंद लागते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि आपली द्राक्षं तिकडे अडकली. खाणाऱ्याची काळजी घ्यायलाच हवी. फवारणाऱ्याची कोण घेतं? फवारणीवरच्या माणसांची वैद्यकीय तपासणी करावी, असं 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे. बागेत जाऊन विचार, कुणाची कधी झाली का. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

गोडी छाटणीला, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीला, डोंगरातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या उतरतात. बागेच्या कडेला झोपडी, पोरं सोबत. ज्या विहिरीचा नमुना तू घेणार, तिचंच पाणी ते पितात का, हे आधी बघ. त्यांच्या गावी दिंडोरीच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. पण कातळ पाणी धरत नाही. ते नार, पार, दमणगंगा या नद्यांतून पश्चिमेला निघून जातं आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्याशी ताटकळतात. भात-नागलीखेरीज फारसं काही निघत नाही, म्हणून खाली यावं लागतं. वर तहान, खाली औषधाचा फवारा, आणि दोन्ही एकाच घराच्या वाट्याला. ज्याच्याकडे ओलिताची जमीन नाही आणि ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्याच अंगावर नुकसान येऊन पडतं. तुझ्या अभ्यासाने हे दाखवायला हवं.

बागाईतदाराला मात्र खलनायक करू नकोस. अवकाळी आला की डावणी रोगाच्या धास्तीने त्याची झोप उडते, कर्ज डोक्यावर असतं, आणि लहान बागेत पंप त्याच्याच पाठीवर असतो.

नमुन्यांच्या तक्त्यात रकाने वाढव: फवारणी कोणी केली, अंगात काय घातलं होतं, पाणी कुठलं प्यायले. मुकादमासमोर विचारलंस तर खरं उत्तर मिळणार नाही. संध्याकाळी चुलीपाशी बायकांशी बोल. औषधाचे रिकामे डबे घरात कशाला वापरतात, तेही बघ. अहवालात कुणाचं नाव, गाव घालू नकोस. पुढच्या हंगामात त्यांना त्याच बागेत काम मागायचं असतं.

तुझे,
सर